आधी बूड, मग शिक्का

वाचकांचे प्रश्न : चिनी मातीची जुनी भांडी

या वेळच्या टपालात फुलदाण्या, बशा आणि कपांचीच गर्दी होती. कुणाला देवळालीच्या बंगल्याची आवराआवर करताना काही सापडलं, कुणाला पंचवटीतल्या वाड्याच्या माळ्यावर, तर कुणी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून उचलून आणलं. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. एकाच प्रकारच्या वस्तूवर आलेल्या पत्रांतलं एकच पत्र घेतलं आहे.

प्रश्न : निळ्या-पांढऱ्या रंगाची, साधारण ३८ सेंटिमीटर उंच फुलदाणी आहे. तळाला दोन निळ्या वर्तुळांत सहा चिनी अक्षरं आहेत. एका व्यापाऱ्याने ती वाचून 'खांगशी बादशहाच्या काळातली, तीनशे वर्षांपूर्वीची' असं सांगितलं. खरं कसं ओळखायचं? (देवळाली कॅम्प)

व्यापाऱ्याने अक्षरं बरोबर वाचली असतील. पण अक्षरं खरं बोलतात असं मात्र नाही. चीनमध्ये जुन्या बादशहाचं नाव नव्या भांड्यावर घालायची रीत फार जुनी आहे, आणि प्रत्येक वेळी त्यामागे फसवणूकच होती असंही नाही. पूर्वजांच्या कामाला मान द्यायचा म्हणूनही ते नाव लिहीत. मिंग काळातल्या श्वेनद (१४२६–३५) आणि छंगह्वा (१४६५–८७) या बादशहांची नावं खांगशीच्या काळातल्या (१६६२–१७२२) भांड्यांवर सर्रास सापडतात. खुद्द खांगशीचं नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, ग्वांगशूच्या काळात (१८७५–१९०८), हजारो भांड्यांवर घातलं गेलं. गंमत म्हणजे १६७७ साली जिंगदेझेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या चिनी गावाच्या, अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव लिहायला बंदी घातली होती. त्यामुळे खांगशीच्या काळातल्या अस्सल बाजारी मालावर पुष्कळदा नाव नसतंच. नुसती दोन वर्तुळं, एखादं पान किंवा एखादं शुभचिन्ह असतं. म्हणून शिक्का, म्हणजे बुडावरची ही अक्षरं, सगळ्यात शेवटी वाचायचा.

टेबलावर जाड टॉवेल अंथरा, हातातल्या अंगठ्या काढा आणि फुलदाणी आडवी ठेवा. दहापटीचं भिंग लागेल. सराफ बाजारात जवाहिरे वापरतात तेच. आता बुडाची कड बघा, म्हणजे ज्या गोल कडेवर भांडं उभं राहतं ती. भट्टीत भांडं खालच्या आधाराला चिकटू नये म्हणून या कडेवरचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, पुसून काढलेलं असतं. त्यामुळे आतली माती उघडी दिसणारी बहुधा ही एकच जागा असते.

खांगशीच्या चांगल्या मालात ही माती पांढरी, दाट आणि बोटाला अगदी मऊ लागते. कड सुरीने तासून दोन्ही बाजूंनी गोलसर केलेली असते. चिनी जाणकार तिला लोच माशाच्या पाठीची उपमा देतात. ग्लेझ जिथे संपतं आणि उघडी माती सुरू होते तिथे भिंगातून केसाएवढी नारिंगी-तपकिरी रेघ दिसू शकते. मातीत आणि ग्लेझमध्ये थोडं लोह असतं आणि भट्टी निवताना त्याचा हवेशी संबंध येतो, म्हणून ती उमटते. ती रेघ कुठे ठळक, कुठे पुसट आणि कुठे अजिबात नाही अशी असते. आजची कारखान्यात धुऊन घेतलेली माती जास्त शुद्ध असते. तिची कड चुन्यासारखी कोरी पांढरी दिसते. नकली माल करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते कड रंगवतात. त्यासाठी चहाचं पाणी, गंजाचं पाणी किंवा पोटॅशियम परमँगनेट वापरतात. रंगवलेली कड सगळीकडे सारखी तपकिरी असते आणि रंग थोडा ग्लेझवरही ओघळलेला असतो. परमँगनेटचा संशय असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस घेऊन कडेच्या एका कोपऱ्यावर दोन मिनिटं धरा. तो डाग मँगनीज डायऑक्साइडचा असतो, लिंबाने फिका पडतो. भट्टीत भाजून उमटलेली रेघ हलत नाही. ही चाचणी फक्त उघड्या मातीवर करायची, रंगकामाच्या जवळपासही नाही.

मग फुलदाणीच्या आत मोबाइलचा टॉर्च सोडा. एवढ्या उंचीची जुनी फुलदाणी सहसा एका तुकड्यात होत नसे. दोन-तीन भाग वेगवेगळे घडवून ओल्या मातीने जोडत. पोटाच्या मध्यावर किंवा मानेखाली आतून आडवी वळी दिसते, बाहेरूनही तिरप्या उजेडात हलका फुगवटा जाणवतो. आजचा स्वस्त माल प्लॅस्टरच्या साच्यात पातळ माती ओतून करतात. त्याचा आतला आकार बाहेरच्या आकाराची हुबेहूब नक्कल असतो आणि भिंत सगळीकडे सारख्याच जाडीची. पण एक लक्षात ठेवा, जिंगदेझेनमध्ये आजही हाताने जोडून फुलदाण्या करणारे कारागीर आहेत. जोड आहे म्हणून ती जुनी ठरत नाही, पण जोड नसेल तर संशयाला जागा आहे.

निळा रंग कोबाल्टचा. तो कच्च्या भांड्यावर कुंचल्याने लावून, वर ग्लेझ देऊन १३०० अंशांच्या आसपास एकदाच भाजतात. खांगशीच्या चांगल्या कामात एकाच खडकावर निळ्याच्या चार-पाच छटा एकीवर एक चढवलेल्या दिसतात, जलरंगासारख्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेला रासायनिक कोबाल्ट जांभळट असतो आणि सपाट बसतो. भिंगातून निळ्याच्या जागी छापील फोटोसारखे बारीक ठिपके दिसले तर पुढे काही बघायचं कारण नाही. तो डेकल आहे, म्हणजे भांड्यावर चिकटवून भाजलेला छाप.

आता झीज. खरी झीज भांडं जिथे टेकतं, घासतं, धरलं जातं तिथेच असते : बुडाच्या कडेवर, तोंडाच्या काठावर, पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर. भिंगातून ओरखडे वाट्टेल त्या दिशेने गेलेले दिसतात, काही खोल, काही पुसट, काहींत काळपट मळ. सँडपेपरने आणलेली झीज एका दिशेने जाते. ॲसिडने मारलेली चमक तर पटकन कळते. फुलदाणी खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवा. वापराने गेलेली चमक उंचवट्यावर कमी आणि खोलगटात शाबूत असते. ॲसिडचं भांडं खोलगटातही तेवढंच निस्तेज असतं.

आणि सगळ्यात शेवटी शिक्का. उजवीकडची ओळ आधी, वरून खाली, मग डावीकडची. पहिलं अक्षर म्हणजे हातपाय पसरून उभा असलेला माणूस. अर्थ 'महान'. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असले तर 'छिंग' घराणं, आणि दोन उभे चौकोन शेजारी शेजारी असले तर 'मिंग'. पुढची दोन अक्षरं बादशहाच्या कारकिर्दीचं नाव आणि शेवटची दोन 'त्या वर्षांत घडवलेलं' अशा अर्थाची. बघायचं ते हात कसा चालला आहे. रोज शेकडो वेळा तेच लिहिणाऱ्याचा कुंचला झरकन जातो, वळणावर रंग जरा साचतो. नक्कल करणारा अक्षर चित्रासारखं काढतो. त्याच्या रेघा थबकत जातात.

एवढं सगळं बघितल्यावर तीन शक्यता राहतात : खरी खांगशी, ग्वांगशूच्या काळातली नावानिशी नक्कल, किंवा गेल्या पन्नास वर्षांतली. बाजारात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा माल पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. देवळालीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली वस्तू दुसऱ्या प्रकारची निघाली तर नाराज होऊ नका. तीही सव्वाशे वर्षांची असते आणि चांगली असेल तर मोलाची.

प्रश्न : सासूबाईंचा चहाचा सेट आहे. अंड्याच्या टरफलासारखे पातळ कप, बाहेरून उठावदार ड्रॅगन, आणि कप उजेडाकडे धरला की तळात एका बाईचा चेहरा दिसतो. घरी सगळे म्हणतात, चीनच्या राजघराण्यातला. (कॉलेज रोड)

सेट जपानचा आहे. तो चेहरा गेइशाचा. कपाच्या तळाची माती कमीजास्त जाडीची ठेवली की पातळ भागातून उजेड जास्त येतो, जाड भागातून कमी, आणि चित्र तयार होतं. असे ड्रॅगनचे सेट जपानने विसाव्या शतकात निर्यातीसाठी भरपूर केले. बशीच्या पाठीवर रोमन लिपीत 'निप्पॉन' असेल तर साधारण १८९१ ते १९२१ मधला माल, 'मेड इन जपान' असेल तर बहुधा त्यानंतरचा. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेव्हाचा, म्हणजे १९५२ पर्यंतचा. नुसती चिनी वाटणारी अक्षरं असतील तर ती बहुतेक 'कुतानी' अशी, म्हणजे जपानमधल्या एका प्रकारच्या भांड्यांचं नाव, असतील. जपानीतही तीच अक्षरं वापरतात, घोळ तिथूनच होतो. राजघराणं विसरा, चहा प्या. काठाचं सोनेरी काम टिकवायचं असेल तर मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका.

प्रश्न : बोन चायना म्हणजे चीनचंच ना? (इंदिरानगर)

नाही. जनावरांच्या हाडांची राख मिसळून केलेली ही चिनी माती अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये रुळली. 'चायना' हा इंग्रजीत चिनी मातीचा शब्द आहे, देशाचा पत्ता नाही. जुन्या चिनी भांड्यांत हाडांची राख नसते.

प्रश्न : जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या सहा थाळ्या लावलेल्या आहेत. चित्र चिनी आहे : पूल, त्यावर तीन माणसं, वाकलेलं झाड आणि आकाशात दोन पक्षी. पाठीवर काहीच लिहिलेलं नाही. (भद्रकाली परिसर)

हे चित्र चीनमधलं वाटतं, पण त्याचा जन्म इंग्लंडचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कुंभारांनी चिनी भांड्यांवरची दृश्यं एकत्र करून हा 'विलो' नक्षीचा नमुना बसवला. तो इतका चालला की पुढे सगळ्या युरोपात त्याच्या थाळ्या निघाल्या. आपल्या वाड्यांत आणि जुन्या बंगल्यांत चिनी म्हणून मिरवणाऱ्या थाळ्यांमध्ये इंग्लंडचा आणि हॉलंडमधल्या मास्ट्रिक्टचा माल पुष्कळ आहे.

खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. थाळी उतरवून पालथी घाला. पाठीवर, काठाच्या आतल्या बाजूला, सारख्या अंतरावर तीन ठिकाणी बारीक टोचल्यासारख्या खुणा आहेत का? भट्टीत थाळी ज्या तिवईवर ठेवतात तिची ती टोकं. मग ग्लेझ उडालेल्या एखाद्या टवक्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. पोर्सिलेन, म्हणजे अस्सल चिनी माती, पाणी पीत नाही, थेंब मोत्यासारखा बसून राहतो. या थाळ्यांची माती सच्छिद्र असते, थेंब आत जिरतो. म्हणूनच अशा थाळ्यांच्या ग्लेझला बारीक तडे जाऊन त्यांत तेलाचे, आमटीचे पिवळट डाग मुरलेले दिसतात. शेवटी भिंग घेऊन पक्ष्यांकडे बघा. कुंचल्याचा फटकारा नसून बारीक रेघा आणि टिंबं दिसतील, कारण चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून, पातळ कागदावर उमटवून भांड्यावर चढवलेलं असतं. काठावरच्या नक्षीत कागदाची दोन टोकं जिथे भेटतात तिथे नक्षी जुळत नाही. हा जोड सापडला की पुढचा वाद मिटला.

आता एक अपवाद. बुडाच्या आतल्या गोलात, म्हणजे काठाकडे नव्हे तर मध्याभोवती, सुईच्या टोकाएवढ्या तीन ते पाच खुणा असतील आणि माती पोर्सिलेनची असेल, तर ती जपानच्या आरिताकडची थाळी असू शकते. चिनी थाळ्यांवर अशा खुणा सहसा नसतात.

प्रश्न : लोणच्याच्या जुन्या बरण्या, वरून तपकिरी आणि खालून पांढऱ्या, चिनी असतात का? (सिडको)

नाव तेवढं चिनी. माती स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारखी कडक भाजलेली, भट्टी १२०० अंशांच्या आसपासची आणि घडवलेल्या बहुतेक आपल्याच देशात. उत्तर प्रदेशातलं खुर्जा त्यासाठी प्रसिद्ध आहे. लोणचं घाला, हिला दुसरी परीक्षा नाही.

प्रश्न : लग्नात भेट मिळालेला मोठा वाडगा आहे. गुलाबी फुलं, हिरवी पानं, चौकटीत चिनी माणसं, सोनेरी काठ. तळाला लाल रंगात चौकोनी शिक्का, तो छ्येनलोंग बादशहाचा असल्याचं इंटरनेटवर दिसलं. ड्रॅगनच्या पायाला पाच नखंही आहेत, म्हणजे राजवाड्यासाठीचा ना? (गंगापूर रोड)

आधी नखांचं बोलू. पाच नखांचा ड्रॅगन बादशहासाठी राखीव होता हे खरं. पण ती बंदी आज कुणावरच नाही, आणि नकली माल करणारा चार नखं कशाला काढील?

आता गुलाबी. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होतो आणि चीनमध्ये तो १७२० च्या दशकात रुळला. ग्लेझ भाजून झाल्यावर वर लावून, दुसऱ्यांदा ७००–८०० अंशांच्या आसपास भाजतात. म्हणून तो बोटाला किंचित उंच लागतो. यातून एक सोपा नियम निघतो. भरपूर गुलाबी आणि शिक्का खांगशीचा किंवा मिंगचा, असं दिसलं तर शिक्का खोटा. खांगशीच्या अगदी शेवटच्या वर्षांत राजवाड्याच्या कारखान्यात या रंगाचे प्रयोग झाले होते, पण तसा वाडगा कुणी लग्नात भेट देत नाही. तुमच्याकडचं नाव छ्येनलोंगचं (१७३६–९५) आहे, तेव्हा काळाच्या हिशेबाने गुलाबी बसतो. म्हणून दुसरीकडे बघायला हवं.

चौकटीत माणसं आणि मधे फुलं-पाखरं ही मांडणी कँटन या दक्षिण चीनमधल्या बंदराच्या निर्यात मालाची. पांढरी भांडी जिंगदेझेनहून यायची आणि कँटनच्या कारखान्यांत रंगायची. १८४० च्या सुमारापासून हा माल जहाजं भरभरून गेला, आणि चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी घरांतही आला. अस्सल एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यात चेहरे घाईने काढलेले असले तरी प्रत्येक चेहरा वेगळा असतो, आणि सोनेरी रंग मऊ, हाताळल्या जागी झिजलेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मालात काळी बाह्यरेघ छापलेली आणि आतले रंग हाताने भरलेले असतात. एकाच मुद्रेची माणसं चौकटीचौकटीत पुन्हा येतात. सोनं पिवळंधमक, पितळी.

लाल शिक्क्याची कड भिंगातून बघा. मधे रंग फिका आणि कडेला दाटलेला असेल तर तो रबरी ठशाने मारला आहे. असे लाल ठशातले छ्येनलोंग गेल्या शतकात मोप निघाले. शेजारी रोमन लिपीत 'चायना' असेल तर अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याची आठवण ठेवा. १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. नाव नाही म्हणजे १८९१ च्या आधीचं, असा अर्थ काढू नका. मुंबईला येणाऱ्या मालाला अमेरिकेचा कायदा लागू नव्हता, आणि नाव कागदी लेबलवर असलं तर ते केव्हाच धुऊन गेलेलं असतं. 'डेकोरेटेड इन हाँगकाँग' असं असेल तर महायुद्धानंतर जपानहून कोरी भांडी आणून हाँगकाँगमध्ये रंगवलेली. आणि शिक्क्यात चीनमध्ये १९५६ पासून आलेली सोपी अक्षरं असतील तर वाद घालायला काही उरतच नाही.

जुना असो वा नवा, त्यात खायचं काही ठेवू नका. ग्लेझवर लावलेल्या या रंगांत शिसं असतं. लिंबू, चिंच, दही यांच्या आंबटपणाने ते सुटून खाण्यात उतरतं.

प्रश्न : फुटलेली थाळी पितळी टाचण्यांनी जोडलेली आहे. टाचण्या काढून नीट चिकटवून घ्यावी का? (पंचवटी)

हात लावू नका. थाळी उलटी करून एक टाचणी भिंगातून बघा. तारेचा चपटा तुकडा, दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली, आणि प्रत्येक टोक थाळीच्या जाडीत अर्ध्यापर्यंत गेलेलं. पुढच्या बाजूला भोकाचा मागमूसही नाही. जोडणारा कारागीर हिऱ्याचं टोक बसवलेल्या हातगिरमिटाने चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धवट खोल भोकं पाडायचा, भोकं जरा आतल्या बाजूला तिरकी. टाचणी भोकांमधल्या अंतरापेक्षा किंचित आखूड करून ताणून बसवली की ती चीर आवळून धरते. डिंक नाही, गोंद नाही, नुसता ताण. एपॉक्सी स्वस्त झाल्यावर हे काम जवळजवळ संपलं. म्हणून खऱ्या टाचण्या असलेली थाळी निदान सत्तर वर्षांपूर्वी फुटली असावी, आणि तेव्हाही ती मजुरी देऊन जोडण्याइतकी किमती वाटली होती. वयाचा हा पुरावा शिक्क्यापेक्षा बरा.

टाचण्याही खोट्या असतात म्हणा. खोटी टाचणी भोकात उतरलेली नसते, नुसती वर चिकटवलेली असते. नखाने हलकेच ढोसलं की कळतं. खऱ्या टाचण्या काढायच्या म्हटल्या तर ताण एकदम सुटतो आणि जुन्या चिरेच्या शेजारी नवी चीर जाते. थाळी भिंतीवर लावायची असेल तर स्प्रिंगचा हँगर वापरू नका. मागून आधार देणारा स्टँड घ्या.

प्रश्न : प्रयोगशाळेत तपासून वय नक्की कळतं का? (नाशिकरोड)

कळतं, पण लोकांना वाटतं तितकं नेमकं नाही. थर्मोल्युमिनेसन्स चाचणीत भांडं शेवटचं कधी भाजलं गेलं ते मोजतात. मातीतल्या खनिजांत वर्षानुवर्षं किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते. नमुना तापवला की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि त्यावरून काळ काढतात. पोर्सिलेनसाठी बुडात छोटं भोक पाडून नमुना घ्यावा लागतो. चूक साधारण वीस टक्क्यांची धरतात. म्हणजे तीनशे वर्षांचं भांडं २४० ते ३६० मध्ये कुठेही येऊ शकतं. खांगशी की कालची नक्कल, एवढा फरक यातून सुटतो. १८९० की १९२०, हा नाही. शिवाय जुन्या फुटक्या भांड्याचं बूड नव्या फुलदाणीला जोडायचं आणि नमुना बरोबर तिथूनच द्यायचा, ही युक्तीही चालते. कृत्रिम किरणोत्सार देऊन वय वाढवताही येतं.

क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखण्याची चाचणी भोक न पाडता होते. हिरव्या रंगात क्रोमियम सापडलं तर तो रंग अठराव्या शतकातला नव्हे. एवढ्या एका उत्तरासाठीही ती करून घेण्यासारखी आहे. पण दोन्ही चाचण्या भिंग, टॉर्च आणि लिंबाच्या बोळ्यातून पार पडलेल्या वस्तूसाठीच. डेकलचे ठिपके दिसत असताना प्रयोगशाळेचे पैसे घालवू नयेत.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च ऑनलाइन स्वस्तात मिळतो. अंधाऱ्या खोलीत भांड्यावर मारा. डागडुजीसाठी वापरलेलं रेझिन आणि वरून मारलेला रंग आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळे चमकतात, बहुधा दुधाळ किंवा पिवळट. वय कळणार नाही, लपवलेली तोडफोड कळेल. टॉर्च डोळ्यात जाऊ देऊ नका.

प्रश्न : जुनी फुलदाणी चिंचेने आणि राखेने घासली तर चालेल का? चिरेतला काळा डाग कसा काढायचा? (सातपूर)

चिंच तांब्या-पितळेला. इथे आम्लाने ग्लेझवरचे रंग मरतात, राखेने आणि भांड्यांच्या पावडरीने सोनेरी काम निघतं. प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल घाला, कोमट पाणी, शाम्पूचे दोन थेंब आणि रंगकामाचा मऊ ब्रश. एका वेळी एकच वस्तू. नळाखाली धरू नका, ओली फुलदाणी निसटते ती नेमकी नळावर आपटते.

चिरेतल्या डागासाठी ब्लीच कधीच नाही. त्याचे क्षार चिरेत राहून पुढे ग्लेझ उचलतात. हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं घ्या, कापूस भिजवून चिरेवर ठेवा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी नवा कापूस. तीन-चार वेळा करावं लागतं. हातमोजे घाला. सोनेरी काम किंवा जुनी डागडुजी असेल तिथे हाही उपाय नको. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि चार दिवस सावलीत वाळू द्या.

डाग काढण्याआधी एकदा वाजवून बघा. भांडं तळहातावर ठेवून काठावर नखाने टिचकी मारा. खणखणीत आवाज म्हणजे सलग. बद्द आवाज म्हणजे कुठेतरी चीर आहे किंवा भरण आहे. अशा भांड्याला पाण्यात बुडवू नका.

प्रश्न : अमेरिकेत असलेल्या मुलाला आजोबांचा चिनी वाडगा पाठवायचा आहे. कुरिअरवाले नको म्हणतात. (महात्मानगर)

कुरिअरवाले उगाच घाबरलेले नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार कलाकुसरीची शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू ही पुरावस्तू, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू चीनमध्ये घडली आहे, भारतीय नाही, हे कारण चालत नाही. व्याख्येत देशाचं नावच नाही. वाडगा शंभर वर्षांच्या आतला असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी वस्तू आणि तिचे फोटो सादर करून तज्ज्ञांकडून पाहणी व्हावी लागते. मुलगा येईल तेव्हा त्याच्या बॅगेत घालून देऊ, हा विचारही मनात आणू नका. पकडली गेली तर वस्तू जप्त होते आणि शिक्षेची तरतूदही आहे. आणि मग 'ही तर नक्कल आहे' हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते.

प्रश्न : ऑनलाइन घेताना फसवणूक टाळायला काय मागावं? (पाथर्डी फाटा)

फोटो, आणि तेही हवे ते. समोरून काढलेला देखणा फोटो कुणीही पाठवतो. मागा तो बुडाच्या कडेचा, तिरप्या उजेडात, अगदी जवळून. दुसरा बुडाचा पूर्ण, शिक्क्यासह. तिसरा आतल्या बाजूचा, टॉर्च टाकून. चौथा काठाचा. शेजारी मोजपट्टी ठेवलेली असावी, आणि वजन ग्रॅममध्ये. बुडाच्या फोटोला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

'घराण्यातली वस्तू', 'मोठ्या बंगल्यातून आलेली' या गोष्टींना कागद लागतो : जुनं बिल, विम्याची यादी, दिवाणखान्याचा जुना फोटो ज्यात ती वस्तू दिसते. कागद नसेल तर गोष्ट ऐका, पण पैसे वस्तूचेच द्या. जुन्या लाकडी पेटीचाही भरवसा धरू नका, पेट्या वेगळ्या विकत मिळतात.

प्रश्न : अस्सल वस्तू जवळून बघायच्या तर कुठे? (म्हसरूळ)

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात. सर रतन टाटांच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू तिथे आहेत. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परत येता येतं. जाण्याआधी दालन उघडं आहे का ते विचारून घ्या. काचेच्या आतल्या वस्तूचं बूड दिसत नाही, हा तोटा आहे. तिथे बघायचा तो निळा रंग आणि गुलाबी. एकाच कपाटापुढे अर्धा तास उभे राहा, आणि घरी आल्यावर आपली फुलदाणी त्याच दिवशी काढून बघा, डोळ्यातला रंग ताजा असताना.